अंडं कसं हवं?

गेल्या महिन्यात भाकरीच्या पिठाबद्दलच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी सहज लिहून गेले की, न्यू जर्सीत असताना अकरा वर्षं मी एका डायनरमध्ये, म्हणजे तिथल्या साध्या खाणावळीत, वेट्रेस होते. भाकरी राहिली बाजूला, या महिन्याची सगळी पत्रं डायनरच्या नाश्त्यावर. काही जण मुलाकडे निघालेत, काही जाऊन आलेत आणि अजून धुसफुसतायत. तेव्हा हा अंक त्यांचा. भाकरीवाल्यांनी महिनाभर दम धरावा.

प्रश्न: आमचा मुलगा एडिसनला असतो. मे महिन्यात आम्ही दोघं पहिल्यांदाच जात आहोत. व्याही गेल्या वर्षी जाऊन आले. ते म्हणतात, तिथे नाश्त्याला गेलं की ती बाई प्रश्नावर प्रश्न विचारते, अगदी तोंडी परीक्षा. अंडी आम्ही दोघंही खातो. काय विचारतात आणि काय सांगायचं ते आधीच कळलं तर बरं. (सेवानिवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर: काका, जन्मभर तोंडी परीक्षा घेतल्यात, आता एक द्यायची वेळ आलीये. पेपर फोडते.

दारातच पाटी असते, 'बसवेपर्यंत थांबा' अशा अर्थाची. समोर चार टेबलं रिकामी दिसली तरी आपण होऊन जाऊन बसायचं नाही. दोघंच असाल तर काउंटरवरची गोल फिरती स्टुलं मागा. बऱ्याच ठिकाणी तिथून तवा दिसतो, आणि डायनरमध्ये बघण्यासारखं तेच असतं. बूड टेकतंय तोवर कॉफी विचारतील. हो म्हणालात की जाड मगात ओततील आणि मग अर्धा झाला की न विचारता पुन्हा भरतील. पैसे एकदाच. नको असेल तेव्हा मगावर तळहात ठेवायचा, बोलावंसुद्धा लागत नाही. बाईच्या हातात नारिंगी कडेचं भांडं दिसलं तर ती कॅफिन काढलेली कॉफी. सँका नावाच्या जुन्या ब्रँडचा तो रंग. ब्रँड मागे पडला, रंग राहिला.

मग येतात अंडी. मेनूत 'टू एग्ज, एनी स्टाइल' अशी ओळ असते आणि ती बाई पेन्सिल सरसावून विचारते, "हाउ वुड यू लाइक युवर एग्ज?" इथे आपली माणसं "एनीथिंग" म्हणतात. आपल्याकडे तो भिडस्तपणा झाला, पण स्वयंपाक्याने त्यावर काय करायचं? हे दृश्य मी पेन्सिल घेऊन उभी असताना कितीदा तरी पाहिलंय: नवरा बायकोकडे बघतो, बायको मुलाकडे, आणि मुलगा मेनूत डोकं खुपसतो. म्हणून नावं पाठ करून जा. सनी साइड अप म्हणजे आपला हाफ फ्राय, उलटायचा नाही, बलक वर. ओव्हर ईझी म्हणजे तोच उलटून, मनात दहा म्हणेपर्यंत ठेवून काढलेला: पांढरं शिजलेलं, बलक वाहता. ओव्हर मीडियमचा बलक काकवीसारखा दाट. ओव्हर हार्ड म्हणजे फुल फ्राय. पोच्ड म्हणजे कवच फोडून गरम पाण्यात सोडलेलं. आणि स्क्रॅम्बल्ड म्हणजे कांदा, मिरची, हळद, कोथिंबीर सगळं काढून घेतलेली बुर्जी. काकूंना वाहता बलक चालत नसेल तर त्यांचं ओव्हर हार्ड सांगा आणि मोकळे व्हा.

आमचा स्वयंपाकी रविवारी सकाळी एका वेळी सहा-सात ऑर्डरी तव्यावर खेळवायचा. ओव्हर ईझी उलटताना बलक फुटला की ते अंडं उलथन्याने कडेला सारायचा आणि दुसरं फोडायचा. कडेला गेलेलं पुढच्या स्क्रॅम्बल्डमध्ये जायचं. म्हणजे बुर्जी मागणाऱ्याच्या ताटात दुसऱ्याचा अपघात. ओव्हर ईझी चार वेळा धड उलटता आलं तरच तो नव्या पोराला सकाळच्या तव्यावर उभं करायचा.

अंडी झाली की टोस्ट: व्हाइट, होल व्हीट, राय. राय घ्या. त्यात शहाजिऱ्यासारखं बी असतं, आपल्या जिभेला ओळखीचं वाटतं. बटाटे बहुधा न विचारता येतात. आमच्या जर्सीकडे ते होम फ्राइज, म्हणजे बटाट्याच्या फोडी कांद्याबरोबर खरपूस परतलेल्या. मीठ-तिखट स्वतःचं नेलंत तरी कोणी बघत नाही. शेवटचा प्रश्न बेकन, हॅम की सॉसेज. हे साधारणपणे डुकराचंच असतं, नको असेल तर स्पष्ट नको म्हणा. जर्सीत चौथी जात आहे, पोर्क रोल. उत्तर जर्सीवाले तिला टेलर हॅम म्हणतात, दक्षिणेकडचे पोर्क रोल, आणि त्यावरून ते जे भांडतात ते पाहून मला कोल्हापूर-पुण्याच्या मिसळीची आठवण यायची.

बाकी बेकन-अंडी हीच तिथली 'परंपरा', हेही थोडं जपून ऐकावं. १९२० च्या दशकात एडवर्ड बर्नेज या प्रचारतज्ज्ञाने बेकन विकणाऱ्या कंपनीसाठी डॉक्टरांकडून वदवून घेतलं की भरपेट न्याहारी चांगली, आणि वर्तमानपत्रांतून ते गाजवलं. खात लोक आधीही होते, पण त्या जोडीवर शिक्का बसला तो असा.

प्रश्न: आम्ही शाकाहारी, अंडंही खात नाही. पॅनकेक म्हणजे आपलं गोड धिरडंच ना? नातवंडांबरोबर निदान तेवढं तरी खाता येईल. (कोथरूड, पुणे)

उत्तर: दिसायला धिरडं, पण पिठात अंडं असतं आणि बहुधा ताक. वॉफल आणि फ्रेंच टोस्टलाही अंडं आलंच. बिनअंड्याचा पॅनकेक देणारी ठिकाणं आहेत, पण जुन्या पद्धतीच्या डायनरमध्ये तो गृहीत धरू नका.

त्याहून मोठी अडचण तव्याची. तवा म्हणजे स्वयंपाकघराच्या एका भिंतीएवढी लोखंडी पाटी, तिच्यावर डावीकडे बेकन, मध्ये अंडी, उजवीकडे पॅनकेक. आमच्याकडे तिन्हीला एकच उलथनं होतं. एकदा एका जैन कुटुंबाला मी मोठ्या खात्रीने टोस्ट दिला. टोस्टरचाच, लोणी वेगळं. त्यांच्या धाकट्याने विचारलं, हा इतका चमकतोय का? आत जाऊन पाहिलं तर टोस्टर बिघडला होता आणि त्या दिवशी ब्रेड तव्यावरच भाजत होते, बेकनच्या चरबीत. मी ताट उचललं, माफी मागितली, बिल लावलं नाही. ती माणसं काही बोलली नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

म्हणून आधी विचारा: तव्यावरचं की टोस्टरमधलं? तिथे असं विचारण्याने कोणाला राग येत नाही. 'नॉट ऑन द ग्रिल' एवढं पुरतं. मिळण्यासारखं काय? टोस्टरमधला टोस्ट किंवा बेगल, क्रीम चीज, पाण्यात शिजवलेलं ओटमील, फळांची वाटी. बीन्स किंवा होम फ्राइज विचारल्याशिवाय नको. हॅमचा तुकडा कुठे दडला असेल सांगता येत नाही.

प्रश्न: अटलांटात एमएस करतोय. रात्री दोनला अभ्यास संपला की मित्र वॉफल हाउसला नेतात. तिथे ते हॅशब्राउन मागताना एका दमात काहीतरी मंत्र म्हणतात, 'स्कॅटर्ड, स्मदर्ड' वगैरे. मी मांस खात नाही, अंडं चालतं. हसं न होता काय मागू? (मूळ जळगाव)

उत्तर: तू पंढरीतच पोचलायस की! वॉफल हाउसचं पहिलं दुकान १९५५ साली अटलांटाच्या शेजारी एव्हनडेल इस्टेट्सला निघालं. जो रॉजर्स आणि टॉम फोर्कनर या दोन शेजाऱ्यांनी काढलं. त्या जागी आता संग्रहालय आहे, एखाद्या सुट्टीला बघून ये.

मंत्राचा अर्थ असा. हॅशब्राउन म्हणजे किसलेला बटाटा तव्यावर परतलेला. स्कॅटर्ड म्हटलंस की तो पसरून टाकतात, कडा कुरकुरीत होतात, एरवी कड्यात दाबून शिजतो. स्मदर्ड म्हणजे कांदा, कव्हर्ड म्हणजे चीज, डाइस्ड म्हणजे टोमॅटो, पेपर्ड म्हणजे हालापेन्यो मिरची, कॅप्ड म्हणजे मश्रूम. इथपर्यंत तुझं. चंक्ड म्हणजे हॅम, टॉप्ड म्हणजे मांसाची चिली, कंट्री म्हणजे सॉसेजची ग्रेव्ही, हे तिन्ही तुझे नाहीत. तू म्हण, "स्कॅटर्ड, स्मदर्ड, कव्हर्ड, पेपर्ड". जळगावच्या माणसाने मिरची सोडायची नाही. तवा तिथेही सामाईकच, ते तुझं तू ठरव.

आणि एक गंमत बघ. वेट्रेस ओरडून ऑर्डर सांगते, पण स्वयंपाकी कागद वाचत नाही. तो लगेच एक ताट मांडतो आणि त्यात जेलीची पुडी, लोण्याची डबी, काकडीच्या लोणच्याची चकती असलं काहीबाही ठेवतो. कुठली वस्तू, ताटात कुठल्या जागी, उताणी की पालथी, यावरून कोणती अंडी आणि सोबत काय ते त्याला कळतं. काउंटरवर बसून दोन रात्री निरखलंस तर थोडं वाचता येईल. आमच्याकडे कागदाच्या चिठ्ठ्या होत्या, मला त्या लोकांचा हेवा वाटतो.

ही दुकानं चोवीस तास उघडी. इतकी, की फेमा या आपत्ती खात्याचे प्रमुख असताना क्रेग फ्यूगेट वादळानंतर वॉफल हाउसवरून अंदाज घ्यायचे. पूर्ण मेनू मिळतोय तर हिरवा, अर्धामुर्धा मिळतोय तर पिवळा, आणि बंद असेल तर लाल, म्हणजे तिथली परिस्थिती खरंच वाईट.

प्रश्न: डायनर म्हणजे रेल्वेचे जुने डबे का हो? मुलाने पाठवलेल्या फोटोत तसंच दिसतंय. (डोंबिवली)

उत्तर: डोंबिवलीकराला डबाच दिसणार! काही थोडे खरंच तसे होते, पण बहुतेक कारखान्यात डायनर म्हणूनच बनले. सुरुवात घोडागाडीपासून. १८७२ साली ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सला वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसाने रात्रपाळीच्या लोकांसाठी गाडीवर खाणं विकायला घेतलं. वर्तमानपत्राच्या कचेरीजवळच, म्हणजे गिऱ्हाईक जागंच. पुढे गाड्या मोठ्या झाल्या, एका जागी थांबल्या, आणि त्या बनवण्याचा धंदाच निघाला. त्यात न्यू जर्सी पुढे, जेरी ओमाहोनीची कंपनी तिथलीच. कारखान्यात अख्खं दुकान जोडायचं, तवा-स्टुलांसकट, आणि रेल्वेने किंवा ट्रकवरून गावी पाठवायचं. रस्त्यावरून न्यायचं म्हणून लांबट आणि अरुंद. तो आकार लोकांच्या डोळ्यांत बसला.

प्रश्न: चौघांनी साधा नाश्ता केला. मुलाने वर वीस टक्के टिप ठेवली. मी बोललो तर तो माझ्यावरच चिडला. शिवाय आम्ही खात असतानाच त्या बाईने बिल आणून ठेवलं. हा हाकलण्याचाच प्रकार नाही का? (ठाणे)

उत्तर: दोन्ही बाबतीत मी त्या बाईच्या बाजूची आहे, आधीच सांगते.

टिप मिळणाऱ्या नोकराला मालकाने रोख द्यायची किमान मजुरी केंद्रीय कायद्याने तासाला २ डॉलर १३ सेंट आहे. १९९१ सालापासून तेवढीच. मी १९९६ मध्ये लागले तेव्हा तेवढीच, आजही तेवढीच. टिप धरून साध्या किमान मजुरीएवढे, म्हणजे ७ डॉलर २५ सेंट, होत नसतील तर फरक मालकाने भरायचा असा नियम आहे. बऱ्याच राज्यांनी आकडा वाढवलाय, कॅलिफोर्निया-वॉशिंग्टनसारख्या काहींनी हा भेदच ठेवलेला नाही. पण माझ्या वेळी जर्सीत, टिपवरचा कर कापून उरलेला माझा पगाराचा चेक एकदा चार डॉलरांचा निघाला होता. तो मी वटवलाच नाही. घर चाललं ते ॲप्रनच्या खिशातल्या सुट्ट्यांवर. तुमच्या चिरंजीवांनी टिप दिली म्हणजे दान केलं नाही, पगाराचा वाटा उचलला. पंधरा ते वीस टक्के ही रीत आहे. उलट नाश्त्याचं बिल लहान असतं आणि कॉफीच्या फेऱ्या तेवढ्याच, म्हणून जुनी गिऱ्हाइकं सकाळी जरा सढळ असतात.

बिलाचं म्हणाल तर तिथे त्याला 'चेक' म्हणतात आणि तो पालथा ठेवतात. अर्थ असा की माझं काम झालं, तुम्ही हवं तेव्हा उठा, पैसे बहुधा दाराजवळच्या गल्ल्यावर. बहुतेकदा त्या "नो रश" असं म्हणतातही. ते तुम्ही ऐकलं नसेल किंवा ती बोलली नसेल. आता रविवारी अकराला, चर्च सुटल्यावर, दारात रांग लागलेली असताना ती "नो रश" म्हणाली तर ते मात्र खोटं असतं, हेही अकरा वर्षांच्या अनुभवाने कबूल करते.

प्रश्न: टेबलावरच्या बाटलीतलं मेपल सिरप आवडलं, दुकानातून तेच आणलं. आता एक भाची म्हणते, ते मेपल नव्हेच. (कोल्हापूर)

उत्तर: भाची बरोबर असण्याचीच शक्यता जास्त. टेबलावर असतं ते बहुतेकदा मक्याच्या साखरेचा, मेपलचा नुसता वास घातलेला पाक. खरं हवं तर मागावं लागतं आणि पुष्कळ ठिकाणी त्याचे वेगळे पैसे. कारण साधं आहे. रात्री गोठतं आणि दिवसा वितळतं अशा हिवाळा सरतानाच्या दिवसांत मेपलच्या झाडाला भोक पाडून रस गोळा करतात, आणि साधारण ४० लिटर रस आटवला तेव्हा लिटरभर सिरप होतं. तुम्ही कोल्हापूरकर, गुऱ्हाळावरची कढई पाहिलेली, तुम्हाला जास्त काय सांगू? बाटलीवर घटक वाचा. मेपल सिरप एवढंच एक लिहिलेलं असलं पाहिजे. खरं असेल तर उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर बुरशी धरते. काळपट रंगाचं घ्या, काकवी आवडणाऱ्याला हलक्या रंगाचं पाणचट लागतं.

प्रश्न: 'बिस्किट अँड ग्रेव्ही' मागवलं. ना बिस्किट, ना ग्रेव्ही. (इचलकरंजी)

उत्तर: बिस्किट म्हणजे बिनगोडाचा, पापुद्रे सुटणारा मऊ गोळा, आणि ग्रेव्ही म्हणजे सॉसेजच्या चरबीत मैदा भाजून दूध घालून केलेलं पांढरं, मिरपुडीचं पिठलं. पहिल्या घासाला मीही फसले होते. तिसऱ्यांदा आवडलं.

प्रश्न: ७८ वर्षांच्या आईला घेऊन बहिणीकडे जातेय. ती बाहेरचं फारसं खात नाही, चहा मात्र लागतो. सगळे नाश्त्याला गेले तर तिला घरी ठेवू का? (इंदूर)

उत्तर: मुळीच नको. चहाची तयारी मात्र ठेवा. चहा मागितला की स्टीलची छोटी किटली येते, तिच्यात गरम म्हणायचं असं पाणी, बशीत एक पुडी आणि लिंबाची फोड. दूध वेगळं मागायचं आणि तेही गरम हवं म्हणून सांगायचं. माझी आई १९९९ मध्ये आली तेव्हा मी तिला माझ्याच डायनरमध्ये काउंटरवर बसवलं. किटलीकडे बघून ती म्हणाली, "अगं, चहा आला की हात धुवायला दिलंय?" त्या दिवशी तिने कोरडा टोस्ट खाल्ला, द्राक्षाच्या जेलीच्या चार पुड्या पिशवीत टाकल्या आणि घरी येऊन भात टाकला.

आमचा स्वयंपाकी मूळचा अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जॉर्जियाचा. उत्तरेकडच्या कुठल्याही डायनरमध्ये सहसा कोणी मागत नाही ते ग्रिट्स तो स्वतःसाठी रोज शिजवायचा. ग्रिट्स म्हणजे पांढऱ्या मक्याच्या कण्या, पाण्यात मीठ घालून घट्टसर शिजवलेल्या. दुसऱ्या खेपेला आई काही खाईना, तेव्हा त्याने वेगळ्या पातेल्यातून वाटीभर तिच्यापुढे ठेवल्या, वर लोण्याचा तुकडा. आईने चमच्याने एकदा ढवळलं आणि मला म्हणाली, "या तर कण्या. ताक आहे का विचार." ताक होतं, पॅनकेकच्या पिठासाठी रोज दोन डबे लागायचे. दाट, आंबट, आपल्याला हवं तसं. तिने ते ओतलं, मीठ चाखलं, वाटी संपवली. स्वयंपाकी तवा सोडून बघत उभा. ताक-कण्या त्याने कधी पाहिल्या नव्हत्या. त्याने मला विचारलं, कशा झाल्यात म्हणते?

मी आईला विचारलं. ती म्हणाली, "बऱ्या आहेत. त्याला सांग, वरून लसणाची फोडणी दे."